घरच्या संगणकाला फायरवॉल निवडताना: पाच आठवड्यांच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

संगणक २०१७ मध्ये असेंबल करून घेतलेला. सातव्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, विंडोज १० प्रो. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली तेव्हापासून चांगला पळतो. वापरणारे तिघं: सासरे, म्हणजे आप्पा (सोसायटीचे खजिनदार, पेन्शन, बँक, हिशेबाची एक्सेल), मुलगी (शाळेचे प्रोजेक्ट आणि एक गेम) आणि मी. घर नाशिकला. फायबरचं कनेक्शन, राउटर इंटरनेटवाल्यांनीच बसवून दिलेला.

गुरुवारी दुपारी आप्पांना फोन आला. "तुमच्या संगणकातून व्हायरस पसरतोय, आम्ही विंडोजच्या कंपनीतून बोलतोय." त्या माणसाने सांगितलं तशी आप्पांनी स्क्रीन दुसऱ्याला दाखवणाऱ्या ॲपची फाइल उतरवली, उघडली, आणि त्यावर आलेला नऊ आकडी नंबर त्याला वाचून दाखवायला लागले. नेमकी मी तेवढ्यात घरात शिरले. काही न बोलता राउटरची पिन ओढली. पैसे गेले नाहीत. नेटबँकिंगचे पासवर्ड माझ्या फोनवरून बदलले, बँकेला कळवलं, सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या नंबरवर तक्रार नोंदवली. आप्पा रात्री दोन घास खाऊन उठले. पस्तीस वर्षं ज्यांनी ऑफिसची रोकड सांभाळली त्यांना कुणीतरी पोरगा असं फिरवतो, याचं मला फार वाईट वाटलं.

त्या रात्री वाटलं की चांगली फायरवॉल (संगणकात नेटवरून होणारी ये-जा तपासून नको ते अडवणारा पहारेकरी) असती तर हे झालं नसतं. म्हणून हे काम हातात घेतलं. घरात वडीलधारं माणूस संगणकावर बसत असेल आणि तुम्ही हेच करणार असाल, तर माझा गेलेला वेळ तुमचा वाचावा म्हणून लिहून ठेवतेय.

१५ जून, रविवार

नवीन काही टाकण्याआधी घरात काय काय उघडं आहे ते बघायचं ठरवलं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि नेटस्टॅट चालवून कोणता प्रोग्राम कोणत्या पोर्टवर कान देऊन बसलाय त्याची यादी काढली. पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून संगणकात शिरायची, नंबर दिलेली दारं. वहीत उतरवलेले पोर्ट: १३५, १३९, ४४५, ३३८९, ५०४०, ५३५७, ७६८० आणि ४९६६४ पासून पुढचे पाच-सहा. ४४५ हा फाइल शेअरिंगचा. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय याच दारातून संगणकासंगणकांत घुसला. ५३५७ प्रिंटरसारखी उपकरणं शोधायला लागतो. ७६८० वरून विंडोजचे अपडेट इतर संगणकांशी वाटून घेतले जातात. ३३८९ रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुसरीकडे बसून हा संगणक चालवण्याच्या सोयीचा. तो बघून जरा थबकले. पण आपण राउटरच्या आत आहोत, बाहेरून कोण येणार, असं म्हणून पुढे गेले. ही माझी या कामातली सगळ्यात मोठी चूक. ती २९ तारखेला उघडी पडली.

विंडोजची स्वतःची फायरवॉल चालूच होती. ती मुळातच चालू येते. विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटपासून, म्हणजे ऑगस्ट २००४ पासून. त्याच्या आदल्या वर्षीचा, नेटवर्कवरून पसरणारा ब्लास्टर व्हायरस मला आठवतो. कॉलेजच्या लॅबमध्ये एकेका संगणकावर '६० सेकंदांत बंद होणार' अशी पाटी यायची आणि सर ओळीने फिरत वायरी काढायचे.

चालू असली तरी तिच्यात भोकं किती पडलीत ते बघायचं होतं. स्टार्टमध्ये 'डब्ल्यूएफ डॉट एमएससी' टाइप केलं की तिची सविस्तर खिडकी उघडते. आत येण्याच्या नियमांत हिरव्या खुणांची रांग होती. त्यात दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेलं टॉरेंटचं सॉफ्टवेअर, लॉकडाउनमधलं मीटिंगचं ॲप, मुलीचा गेम. प्रोग्राम बसवताना आपण ॲडमिनची परवानगी देतो, तेव्हा तो आपल्यासाठी दार करून घेतो आणि जाताना ते बुजवतोच असं नाही. अशा ११ नियमांवरची खूण काढली. लगेच पुसले नाहीत. आधी बंद करून आठवडाभर बघणार.

वहीत चार वाटा लिहिल्या: विंडोजचीच फायरवॉल घट्ट करणं, झोनअलार्म किंवा कोमोडोसारखी वेगळी फायरवॉल, अँटिव्हायरसच्या पॅकमध्ये येणारी, आणि विंडोजच्याच फायरवॉलवर बसणारं एखादं नियंत्रण. ही शेवटची वाट मला तेव्हा नीट कळलीही नव्हती.

१७ जून, मंगळवार

पहिली निवड: एक मोफत, वेगळी फायरवॉल. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे घडलं त्यात तिच्याइतकाच माझाही हात आहे. बसवताना ब्राउझरचं मुखपृष्ठ बदलायची खूण आधीच केलेली होती, ती काढली. बसवल्याबरोबर विंडोजची फायरवॉल आपोआप बंद झाली. हे अपेक्षित असतं, कारण एका वेळी एकीनेच पहारा करायचा.

संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात तिने ३७ प्रश्न विचारले. मी मोजले. प्रत्येक वेळी कोपऱ्यात चौकट यायची: अमुक प्रोग्राम तमुक पत्त्याशी बोलू बघतोय, परवानगी द्यायची का?

१९ जून, गुरुवार

ऑफिसातून आल्यावर आप्पा म्हणाले, "अगं, ते सारखं काहीतरी विचारतंय."

"मग तुम्ही काय दाबलंत?"

"अलाउ. नाही दाबलं तर पुढे जाऊच देत नाही. एकदाच ब्लॉक केलं, तो एसव्हीहोस्ट म्हणून कुणीतरी होता. नाव विचित्र वाटलं."

दोन दिवसांत आप्पांनी २२ वेळा परवानगी दिली होती आणि एकदा नाकारली होती. नाकारली ती नेमकी विंडोजच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामला, म्हणून दुपारपासून घड्याळ आणि अपडेट अडकले होते. परवानगी दिलेल्या २२ पैकी बावीसच्या बावीस बरोबर होत्या, पण आप्पांनी त्या ओळखून दिल्या नव्हत्या. उद्या तोच फोनवाला "चौकट येईल, अलाउ दाबा" असं सांगेल आणि आप्पा दाबतील. या दोन दिवसांत फायरवॉलने त्यांना अलाउ दाबायची सवयच लावली होती.

आज पहिल्यांदा माझ्या डोक्यात हे स्पष्ट झालं. फायरवॉल किती कडक आहे यापेक्षा ती प्रश्न कुणाला विचारते हे आधी बघायला हवं. आमच्या घरात तिने आप्पांना एकही प्रश्न विचारता कामा नये. वहीत हे सगळ्यात वर लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

२१ जून, शनिवार

काढून टाकायला पाच मिनिटं लागतील असं धरलं होतं. साडेपाच तास गेले.

सॉफ्टवेअर काढलं, रीस्टार्ट केलं, इंटरनेट गायब. नेटवर्कचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा. म्हणजे राउटरकडून पत्ता मिळतच नाही, संगणकाने स्वतःच काहीतरी घेतलंय. वायर बदलली. राउटर बंद-चालू केला. इंटरनेटवाल्यांच्या फोनवर चाळीस मिनिटं थांबले, तर आमच्याकडून लाइन व्यवस्थित आहे म्हणाले, आणि ते खरंच होतं. मग वाटलं मदरबोर्डचं नेटवर्क पोर्टच गेलं. दुकानातून ४५० रुपयांचं यूएसबी नेटवर्क ॲडॅप्टर आणलं. त्यावरही तेच. दरम्यान लाईट गेली तो पाऊण तास वेगळाच.

कारण शेवटी असं निघालं: कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्क ॲडॅप्टरच्या प्रॉपर्टीज उघडल्या की खुणांची एक यादी दिसते. त्यात त्या फायरवॉलचा फिल्टर अजून टिकून होता. घरमालक गेला, कुलूप राहिलं. येणारं-जाणारं सगळं त्याच्यातून जाणार, आणि त्याला उघडणारा प्रोग्राम तर आता नाही. ती ओळ निवडून अनइन्स्टॉल केली. तरी पत्ता येईना, म्हणून सेटिंग्जमधून नेटवर्क रीसेट केलं. रीस्टार्टनंतर चालू झालं.

जे करायला हवं होतं ते इथे लिहून ठेवते. बसवण्याआधी रीस्टोअर पॉइंट करायचा, म्हणजे बिघडलं तर संगणक आधीच्या स्थितीत नेता येतो. मी केला नाही. फायरवॉल बनवणारे बहुतेकजण ती पूर्ण काढण्यासाठी स्वतःचं वेगळं साधन देतात, ते आधीच उतरवून ठेवायचं. कारण लागेल तेव्हा इंटरनेट नसतं.

२२ जून, रविवार

सकाळी सहज बघितलं तर विंडोजची फायरवॉल बंद. नवीन फायरवॉल गेल्यावर जुनी परत आपोआप उभी राहील असं मी गृहीत धरलं होतं. रात्रभर संगणकाला कसलाच पहारा नव्हता. हाताने चालू केली, तीनही प्रोफाइल (डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक: कुठल्या प्रकारच्या नेटवर्कवर आहोत त्यानुसार वेगळे नियम) तपासले.

दुपारी आप्पांना सोसायटीची बिलं स्कॅन करायची होती. प्रिंट निघत होती, पण प्रिंटरच्या बटणाने स्कॅन संगणकात येत नव्हतं. पाऊण तास प्रिंटरचं ड्रायव्हर काढ-घाल करण्यात घालवला. दोष तिकडे नव्हताच. प्रिंट करताना संगणक प्रिंटरकडे जातो. बटणाने स्कॅन करताना प्रिंटर संगणकाकडे येतो, आणि आत येणाऱ्यालाच फायरवॉल अडवते. कालच्या रीसेटमुळे घरचं नेटवर्क 'पब्लिक' झालं होतं, म्हणजे संगणक स्वतःला रेल्वे स्टेशनच्या वायफायवर समजत होता. ते 'प्रायव्हेट' केलं आणि स्कॅन आलं. स्कॅन अडलं की आधी हे बघा.

२४ जून, मंगळवार

अँटिव्हायरसच्या पॅकचा विचार केला. ज्याने संगणक जोडला त्या दुकानदाराला विचारलं, त्याने तीन वर्षांचा पॅक घ्या म्हटलं. आपल्या पुण्याच्या क्विक हीलपासून बाहेरच्या कंपन्यांपर्यंत बहुतेकांच्या मोठ्या पॅकमध्ये फायरवॉल असते. पण मला व्हायरसची तक्रार नव्हती. विंडोजमधला डिफेंडर हा अँटिव्हायरस चालू आहे, आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या मोफत साधनाने स्कॅन केलं त्यात काही सापडलं नाही. फक्त फायरवॉलसाठी पॅक घेणं पटलं नाही. ज्यांना फोनवर मराठीत मदत हवी असते, घरात हे बघणारं कुणी नसतं, त्यांच्यासाठी पॅक घेणं योग्य ठरू शकेल.

२८ जून, शनिवार

आतून बघून झालं, आता बाहेरून काय दिसतं ते बघायचं. स्टीव्ह गिब्सन यांची शील्ड्सअप ही जुनी, मोफत चाचणी आहे. पहिले १०५६ पोर्ट ती बाहेरून ठोठावून बघते. सगळे चौकोन हिरवे. मी खूश. आप्पांनाही दाखवलं.

रात्री राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघितला: १०० ने सुरू होणारा, दुसरा आकडा ७०च्या घरातला. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेत. म्हणजे आमच्यासारखी कितीतरी घरं कंपनीच्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे आहेत. सकाळच्या चाचणीने माझं दार ठोठावलंच नव्हतं. तिने कंपनीचं फाटक ठोठावलं होतं. ते हिरवे चौकोन माझ्या संगणकाबद्दल काहीच सांगत नव्हते.

यात एक फायदा आहे: जुन्या पद्धतीच्या पत्त्यावरून बाहेरचा कुणी सरळ आत येऊ शकत नाही. पण राउटरच्या त्याच पानावर खाली आणखी एक लांबलचक पत्ता होता.

२९ जून, रविवार

तो लांबलचक पत्ता आयपीव्ही६ चा, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा. आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनवर हल्ली दोन्ही पत्ते येतात, सांगायला कुणी येत नाही. आयपीव्ही६ मध्ये घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असतो. राउटरमागे लपणं वगैरे तिथे नाही. राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल चालू असेल तरच आडोसा. आणि शील्ड्सअप ही वाट तपासतच नाही.

तपासणी अशी केली. संगणकाचा आयपीव्ही६ पत्ता कागदावर लिहून घेतला. त्याला असे दोन-तीन पत्ते असतात. 'टेम्पररी' लिहिलेला बदलत राहतो, म्हणून दुसरा घेतला. माझ्या फोनचं वायफाय बंद केलं, मोबाइल डेटा चालू ठेवला. आता फोन म्हणजे बाहेरचा, परका माणूस. पोर्ट तपासणारं एक साधं मोफत ॲप घेऊन त्यात तो पत्ता घातला आणि एकेक पोर्ट ठोठावला.

४४५: उत्तर नाही. विंडोजचा फाइल शेअरिंगचा नियम घरच्या नेटवर्कवर फक्त घरातल्याच पत्त्यांना आत घेतो, म्हणून वाचलो. १३५: उत्तर नाही. ५३५७: उत्तर नाही.

३३८९: उघडा.

मी पुन्हा केलं. पुन्हा उघडा. गच्चीत जाऊन केलं, की चुकून वायफाय तर नाही ना. उघडाच. इंटरनेटवरच्या कुणालाही, पत्ता माहीत असेल तर, आमच्या संगणकाची लॉगिन खिडकी मागता येत होती. पुढे फक्त आप्पांचा पासवर्ड, आणि तो नातीचं नाव आणि तिचं जन्मसाल.

नवऱ्याला विचारलं. लॉकडाउनमध्ये वरच्या खोलीतल्या लॅपटॉपवरून खालचा संगणक वापरायला त्यानेच रिमोट डेस्कटॉप चालू केला होता आणि नंतर विसरला. तो चालू केला की त्याचा नियम कुठल्याही पत्त्यावरून येणाऱ्याला आत घेतो. फाइल शेअरिंगसारखं 'घरातलेच' असं बंधन त्याला नसतं.

लगेच बंद केला. फोनवरून ठोठावलं, उत्तर नाही. मग बसून इव्हेंट व्ह्यूअरमध्ये रिमोट कनेक्शनच्या नोंदी चाळल्या. ११४९ क्रमांकाची नोंद बघायची असते, तिच्यात कोणत्या पत्त्यावरून कोण जोडलं गेलं ते लिहिलेलं असतं. सगळ्या नोंदी १९२.१६८ च्या, म्हणजे घरातल्याच लॅपटॉपच्या, शेवटची २०२१ मधली. हे वाचल्यावर कुठे माझा जीव भांड्यात पडला. तरी आप्पांचा पासवर्ड त्याच रात्री बदलला.

दोन आठवडे मी फायरवॉलच्या नावांची तुलना करत होते, आणि पंधरा तारखेला हे दार माझ्याच हाताने वहीत लिहिलेलं होतं.

१ जुलै, मंगळवार

राउटरमध्ये आयपीव्ही६ फायरवॉलचा पर्याय होता, पण बंद. तो बदलायला जो ॲडमिन पासवर्ड लागतो तो आमच्याकडे नव्हता. दोन दिवस फोन करून मिळाला. चालू केली. यूपीएनपी पण बंद केलं, म्हणजे घरातलं कुठलं उपकरण परस्पर राउटरमध्ये दार करून घेणार नाही. मुलीचा गेम त्यानंतरही चालतोय. फोनवरून पुन्हा ठोठावलं, आता साधा पिंगही पोचत नाही.

२ ते ४ जुलै

आत येणाऱ्यांचा बंदोबस्त झाला. पण आप्पांच्या बाबतीत जे घडलं ते आत येणारं नव्हतंच. ते ॲप आतून बाहेर जातं, आपल्या कंपनीच्या सर्व्हरला फोन लावतं, आणि फसवणारा दुसऱ्या टोकाने त्याच सर्व्हरवर येतो. विंडोजची फायरवॉल बाहेर जाणाऱ्या कुणालाच मुळात अडवत नाही. म्हणजे त्या फोनच्या रात्री मला जे वाटलं होतं ते अर्धवट होतं: फायरवॉल होती, चालू होती, आणि तिने नियमाप्रमाणे जाऊ दिलं.

म्हणून दोन तारखेला रात्री त्याच खिडकीत तीनही प्रोफाइलना 'आउटबाउंड: ब्लॉक' केलं. आता ज्याला नियम आहे तोच बाहेर जाईल. एकेक नियम हाताने लिहायला बसले. क्रोम सोपं गेलं. विंडोज अपडेट चालेना. अपडेटच्या सेवेला नियम दिला तर ज्या सेवा प्रत्यक्ष फाइल उतरवतात त्या वेगळ्या निघाल्या. त्यात एक संध्याकाळ गेली.

व्हॉट्सॲपने दुसरी संध्याकाळ घेतली. स्टोअरमधून आलेल्या ॲपच्या फोल्डरच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो. मी त्या मार्गाचा नियम केला, चालू झालं. दुसऱ्या दिवशी अपडेट आला, फोल्डरचं नाव बदललं, नियम जुन्या पत्त्यावर उभा राहिला आणि व्हॉट्सॲप बंद. आप्पांचा सोसायटीचा ग्रुप त्यातच. स्टोअरच्या ॲपला फाइलच्या मार्गाने नियम करू नये, ॲप पॅकेजच्या नावाने करावा. नियमाच्या 'प्रोग्राम्स अँड सर्व्हिसेस' या भागात ते जमतं.

तिसऱ्या रात्री साडेबारा वाजता थांबले. काय अडवलं गेलं हे पटकन दिसेल अशी सोयच तिथे नाही, हा खरा त्रास.

५ जुलै, शनिवार

इथे चौथी वाट कळली. काही प्रोग्राम स्वतः भिंत बांधत नाहीत. विंडोजच्याच भिंतीला चांगलं हँडल बसवतात. विंडोज फायरवॉल कंट्रोल हा त्यातला. आधी बिनीसॉफ्टचा होता, २०१८ मध्ये मालवेअरबाइट्सने घेतला, अजून मोफत आहे. सिंपलवॉल आणि टायनीवॉलही बघितले. टायनीवॉल चौकटी दाखवतच नाही, ते मला फार आवडलं. पण कंट्रोल घेतलं ते एका कारणाने: उद्या हा प्रोग्राम बिघडला किंवा काढून टाकला तरी नियम विंडोजच्या फायरवॉलमध्येच राहतात. २१ तारखेचा अनुभव अजून ताजा होता.

रीस्टोअर पॉइंट केला. आधीचे सगळे नियम 'एक्सपोर्ट पॉलिसी'ने पेनड्राइव्हवर घेतले. मग बसवलं. बसवतानाच तो शिफारशीचे नियम करून देतो, त्यात विंडोज अपडेटही आलं. माझ्या दोन संध्याकाळींचं काम दोन मिनिटांत झालं.

अशी मांडणी केली. फिल्टरिंग मध्यम: नियम नाही तर बाहेर जाणं नाही. पहिले दोन दिवस चौकटी चालू, पण संगणकावर फक्त मी बसणार. मी सगळी नेहमीची कामं करून बघणार, लागतील ते नियम करणार. त्यानंतर चौकटी पूर्ण बंद. अडवलेल्यांची यादी त्याच्या कनेक्शन लॉगमध्ये जमते, ती मी शनिवारी वाचेन. 'सिक्युअर रूल्स' चालू केलं, म्हणजे दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने परस्पर नियम घुसवला तर तो निष्क्रिय होतो.

६ जुलै, रविवार, आषाढी

खिचडी झाल्यावर लॉग वाचायला बसले आणि एक तास नाहक घाबरले. २२४.०.०.२५१ आणि २३९.२५५.२५५.२५० या दोन पत्त्यांच्या ओळीच ओळी, दर थोड्या वेळाने. वाटलं कुणीतरी सतत धडका देतंय. हे पत्ते बाहेरचे नाहीतच. घरातला टीव्ही, प्रिंटर, फोन एकमेकांना "कुणी आहे का?" अशी हाक मारतात ती या पत्त्यांवर. टीव्ही बंद केला तर निम्म्या ओळी थांबल्या. लॉगमध्ये हे दोन दिसले तर सोडून द्या.

९ जुलै, बुधवार

आप्पांचं खातं आत्तापर्यंत ॲडमिनिस्ट्रेटर होतं. ते साधं केलं, ॲडमिनचं खातं वेगळं, पासवर्ड माझ्याकडे. आप्पांना आधी विचारलं. त्यांच्या पाठीमागे केलं असतं तर त्यांना ते लागलं असतं. "म्हणजे मला काही बसवायचं असेल तर तुला विचारायचं?" म्हणाले. मी म्हटलं, "आप्पा, सोसायटीच्या चेकवर तुमच्या एकट्याची सही चालते का?" "नाही, दोन लागतात," म्हणाले, आणि विषय संपला.

पंधरा मिनिटांचं काम. मला वाटतं सगळ्या पाच आठवड्यांत याचाच उपयोग सगळ्यात जास्त होईल, आणि मी ते सगळ्यात शेवटी केलं.

१२ जुलै, शनिवार

परीक्षा. आप्पांच्या खात्यातून, आप्पांनाच माउस देऊन, जूनमधल्या त्या गुरुवारचा प्रसंग पुन्हा केला. मी शेजारच्या खोलीतून लॅपटॉप घेऊन फोनवाली झाले. आप्पांनी तसलंच ॲप उतरवलं आणि उघडलं. बसवावं न लागणारं असतं, त्यामुळे साध्या खात्यातूनही ते उघडलं. नुसत्या खात्याच्या बदलाने थांबलं नसतं. पण खिडकीत नंबरच्या जागी चक्र फिरत राहिलं. दोन मिनिटं, तीन मिनिटं. नंबर आलाच नाही. खाली लिहून आलं की सर्व्हरशी संपर्क होत नाही. आप्पांना काहीच विचारलं गेलं नाही.

"बघ, नंबरच देत नाही," आप्पा तिकडून ओरडले. आवाजात त्या गुरुवारनंतर पहिल्यांदा तो जुना खणखणीतपणा होता.

मग जे थांबत नाही तेही त्यांना दाखवलं. क्रोमला परवानगी आहे, म्हणून ब्राउझरमधल्या मीटिंगमधून स्क्रीन दाखवता येते. ते मी करून दाखवलं. आणि त्यांच्या हातातल्या मोबाइलवर या फायरवॉलचा काहीच अंमल नाही. फसवणारा संगणक सोडून मोबाइलवर यायला सांगेल. आप्पांनी संगणकाच्या वर भिंतीवर स्वतःच्या अक्षरात कागद लावला: 'स्क्रीन दाखवा म्हणाला की फोन ठेवणे. १९३०.'

२० जुलै, रविवार

आठवड्याचा लॉग वाचला. गेमच्या अपडेटने आत येण्याचा एक नियम घुसवला होता, तो निष्क्रिय केलेला सापडला. गेम त्याच्याशिवाय चालतोय, म्हणून पुसला. १५ जूनला खूण काढलेले ते ११ नियमही पुसले, कुणाचंही काही अडलं नाही. मध्ये आप्पांचं पेन्शनच्या दाखल्याचं नवीन सॉफ्टवेअर बाहेर जाईना. त्यांनी मला ऑफिसात फोन केला, संध्याकाळी लॉगमध्ये बघून चार मिनिटांत नियम केला. एवढी गैरसोय आमच्या घराला परवडते.

खर्च: सॉफ्टवेअरला शून्य, न लागलेल्या ॲडॅप्टरचे ४५० रुपये. वेळ साधारण २६ तास. त्यातले निदान १५ तास वर लिहिलेल्या चुकांचे.

एक काम उरलंय. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबतात, आणि सातव्या पिढीच्या आय३ वर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. आत भेग राहिली तर बाहेरची भिंत किती दिवस पुरणार? वाढीव अपडेटसाठी नाव नोंदवायचं की नवा संगणक घ्यायचा, हे गणपतीच्या सुट्टीत आप्पांबरोबर बसून ठरवणार आहे. आजचे नियम पुन्हा पेनड्राइव्हवर घेतले, त्यावर तारीख लिहिली आणि तो सोसायटीच्या चेकबुकांच्या कप्प्यात ठेवला.